कॅन्सरच्या उपचारांनंतर व्यायाम आणि मैत्रिणींची सोबत: इंदूरमध्ये गट कसा चालवावा?

रेवाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या १८ ते ३९ वयाच्या मुलींसाठी आणि बायकांसाठी इंदूरमध्ये एकत्र व्यायामाचा गट सुरू करायचा आहे. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या बाजूच्या मराठी घरांतून विचारणा होते आहे, पण गट सगळ्यांसाठीच असेल.

वयाची मर्यादा मुद्दाम ठेवली आहे. कर्करोगाच्या क्षेत्रात १५ ते ३९ हा वेगळा वयोगट मानतात. या वयात शिक्षण अर्धवट राहिलेले असते, नोकरी नवी असते, घरात स्थळांची बोलणी चालू असतात किंवा मूल लहान असते. पाळी अकाली थांबलेली असू शकते. साठीच्या काकूंच्या योगवर्गात यातले काहीच बोलता येत नाही, आणि जिममध्ये गेले तर शिकवणाऱ्याला उपचारांची माहिती नसते.

जाणकारांनी सांगावे: गटात घेण्याआधी काय तपासायचे, सुरुवात कितीपासून करायची आणि गट दोन महिन्यांत विरून जाऊ नये म्हणून काय करायचे? कृपया मोघम सल्ले नकोत.

फिजिओ_मालवा

चांगला विषय काढलात. सुरुवात प्रत्येकीच्या फाइलपासून करा. डॉक्टरांकडून एका पानावर लिहून आणायला सांगा: शस्त्रक्रिया कोणती आणि कोणत्या बाजूला, काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड) काढल्या का, केमोतल्या औषधांची नावे, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला, आजार हाडांत गेला होता का, आणि शेवटचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) व सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कधीचा. शेवटी ‘मध्यम व्यायामाला हरकत नाही’ अशी ओळ आणि सही.

हे सगळे कशासाठी, तर प्रत्येक उपचार वेगळी खूण मागे ठेवतो. ज्याला वॉर्डात ‘लाल केमो’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकते, आणि तो परिणाम कधी कधी वर्षांनी दिसतो. एकूण मात्रा दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त झाली असेल, किंवा जोडीला छातीवर रेडिएशन असेल, तर जोखीम जास्त धरतात. अशा मुलीला व्यायाम नाकारायचा नाही, पण ताजा इको पाहिल्याशिवाय जोराचा व्यायाम द्यायचा नाही. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध चालू असेल तर साधारण दर ३ महिन्यांनी इको होतच असतो, त्याचा रिपोर्ट मागा. हॉजकिन लिम्फोमासाठी (लसिकागाठींचा कर्करोग) ब्लिओमायसिन हे केमोचे औषध मिळाले असेल तर फुप्फुसांकडे लक्ष: कोरडा खोकला किंवा पूर्वी न लागणारी धाप दिसली की व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचे. रक्ताच्या कर्करोगात किंवा लिम्फोमात भरपूर स्टेरॉइड मिळालेली मुलगी जांघेत दुखते म्हणाली, तर ते स्नायूचे दुखणे समजून ताण देऊ नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. आधी एमआरआय.

थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलींबाबत एक गोष्ट हमखास निसटते. त्यांना थायरॉक्सिनची मात्रा मुद्दाम वाढवून दिलेली असू शकते, त्यामुळे नाडी आधीच जलद असते. मनगटावरच्या घड्याळातले आकडे बघून त्यांचा व्यायाम ठरवू नका. सगळ्यांसाठीच बोलण्याची कसोटी उत्तम: चालताना वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. ० ते १० अशा श्रमाच्या मोजपट्टीवर हे ४ ते ६ च्या आसपास येते.

ज्या दिवशी व्यायाम नाही तो दिवसही ठरलेला असू द्या. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, छातीत दुखणे, चक्कर, एका पोटरीला अचानक सूज: घरी किंवा थेट दवाखान्यात. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजने आणि पडण्याची शक्यता असलेले खेळ बंद. २०,००० च्या खाली गटात येणेच नको.

जुनी_इंदूर

उपयुक्त. पण स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या हाताने दोन किलोच्या वर आयुष्यभर काही उचलायचे नाही, असे बहुतेक घरांत सांगितलेले असते. गटात वजने आणली तर घरचे पाठवतील का?

फिजिओ_मालवा

ही भीती जुनी आहे आणि ती एकेकाळी डॉक्टरांच्याही मनात होती. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला लसिकाद्रव (पेशींभोवतीचे पाणी) वाहून जायला वाटा कमी उरतात, म्हणून जोर लावला की हात सुजेल असे मानत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९९६ साली डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाने ही समजूत तपासायला स्तनाचा कर्करोग झालेल्या २४ बायकांची ड्रॅगन बोट वल्हवणारी तुकडी तयार केली. वल्हवणे म्हणजे सगळा भार हातांवर. सूज कुणालाच आली नाही. बायकांना ते इतके मानवले की हंगाम संपल्यावरही त्या थांबल्या नाहीत, आणि पुढे अशा तुकड्या जगभर झाल्या. व्यायाम आणि सोबत एकत्र बांधल्यावर काय होते याचे माझ्या मते हे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

नेमका पुरावा २००९ साली आला. कॅथरीन श्मिट्झ यांच्या अभ्यासात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजने उचलली. वर्षभरात सूज भडकण्याचे प्रमाण वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के निघाले. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र सोडू नका, सगळा गुण त्यातच आहे.

करायचे असे. सुरुवात अर्ध्या किलोपासून: अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरले की झाले. आठवड्यातून दोन वेळा, मध्ये निदान एक दिवस मोकळा. प्रत्येक हालचाल १० वेळा, विश्रांती, पुन्हा १०. श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. सलग दोन सत्रांत हात जड वाटला नाही, ठणकला नाही, तरच पुढचे सर्वांत लहान वजन. वरची मर्यादा आकड्याने ठरत नाही, हात काय सांगतो त्यावर ठरते. घरच्यांना सांगा की मूल उचलणे, भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर सरकवणे हे सगळे वजनच आहे. कमकुवत हाताने ते एकदम उचलले तर इजा होते. हात तयार करणे हाच बचाव आहे.

माप घ्यायचे ते पहिल्याच दिवशी, दोन्ही हातांचे: कोपराच्या टोकापासून १० सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर खाली, शिंप्याच्या टेपने, टेप आवळायची नाही. उजव्या हाताचे माप मुळातच थोडे जास्त असू शकते, म्हणून पहिल्या दिवसाची नोंद हवी. नंतर दर महिन्याला. दोन हातांतला फरक २ सेंटिमीटरच्या वर गेला किंवा पहिल्या नोंदीपेक्षा स्पष्ट वाढला तर तपासणी. बहुतेकींना टेपच्या आधी अंगठी, बांगडी किंवा ब्लाउजची बाही सांगते.

वॉर्डातली_ताई

शल्यचिकित्सा विभागात परिचारिका म्हणून हे जोडते. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या खांद्याची हालचाल पूर्ण परतल्याशिवाय वजनांकडे वळू नये. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटांनी भिंतीवर वर चढायचे, जिथे ताण जाणवतो तिथे १० मोजायचे आणि खाली यायचे. रोज दोन वेळा, ५ ते १० फेऱ्या. भिंतीवर पेन्सिलने खूण करा, प्रगती डोळ्यांना दिसते. काखेतून कोपराकडे तार ताणल्यासारखी दोरी हाताला लागली तर घाबरू नका आणि ती झटक्याने तोडायलाही जाऊ नका. फिजिओकडून हलक्या हाताने ताणून घेतली की बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत जाते.

सूज असलेल्यांनी व्यायामात मापाची दाबबाही (हात आवळून धरणारी लवचिक बाही) घालावी. सूज नसेल तर व्यायामासाठी ती लागतेच असे नाही. बाही रोज धुवायची, साधारण ६ महिन्यांत तिचा दाब सैलावतो, मग बदलायची. इंदूरच्या मे महिन्यात ती घालणे कठीण जाते हे खरे, पण उष्णतेने सूज वाढते, म्हणून उन्हाळ्यातच तिचा कंटाळा करून चालत नाही. वेळ बदला: मे-जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, साडेपाचला जमून साडेसहाला घरी. रेडिएशन झालेली त्वचा सुती ओढणीने झाकलेली असावी.

हातावर लाली, ऊब आणि ताप एकदम आले तर तो त्वचेचा जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी डॉक्टर. लेप, शेक, मालिश काही नाही.

श्रावणसर

मला वाटते आपल्याकडे आपला खेळ आहे. इंदूरच्या मराठी बायका श्रावणात मंगळागौर हौसेने खेळतात. त्यातच हा व्यायाम बसवला तर? गरब्याचेही तसेच, इथे नवरात्रात मुलींना घरी बसवणे अशक्य.

फिजिओ_मालवा

फार चांगली कल्पना, पण खेळ निवडून घ्या.

झिम्मा उत्तम. फेर, टाळी, पाऊल पुढे-मागे, खांदा सर्व दिशांनी फिरतो आणि ताल असल्याने मोजावे लागत नाही. ३ मिनिटे खेळ, २ मिनिटे संथ फेर, अशा ४ आवर्तनांनी सुरुवात करा. आठव्या आठवड्यापर्यंत ५ मिनिटांचे आवर्तन झेपायला हरकत नाही. पिंगा कमरेतून वाकून डोके फिरवत असेल तर हिमोग्लोबिन कमी असणारीला भोवळ येते. पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून लवायचे.

फुगडी सुरुवातीला नाही. पाय जुळवून मागे झुकल्यावर दोघींचे पूर्ण वजन खांद्यांवर येते, आणि घामाने हात सुटला की पडणे ठरलेलेच. काखेतल्या गाठी काढलेल्यांनी खांद्याची ताकद परत आल्यावर, विश्वासू जोडीदारणीबरोबर, संथ घ्यावी. हाडांत आजार असलेल्यांनी, हाडे विरळ झालेल्यांनी आणि मांडीत किंवा गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेल्यांनी अजिबात नाही. बसफुगडीही त्यांना वर्ज्य, उडी आणि धक्का त्या सांध्याला सोसत नाहीत. गाठोडे हा खेळ पाठीच्या कण्याला पुढे मुडपतो. पाळी अकाली थांबलेल्या किंवा ती थांबवणारी इंजेक्शने चालू असलेल्या मुलींत हाडे लवकर ठिसूळ होतात, त्यांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीचा अहवाल येईपर्यंत तो सोडून द्यावा. सूप हलके असते, ते डोक्यावर नाचवणे खांद्यासाठी उलट फारच छान.

वॉर्डातली_ताई

गरब्याबाबत: पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिन्क्रिस्टिन ही केमोची औषधे मिळालेल्यांच्या तळपायांना मुंग्या असतात, बधिरपणा असतो. अनवाणी नाचताना खडा रुतला तरी कळत नाही. मागे पट्टा असलेले, बंद बोटांचे, पातळ सपाट तळव्याचे बूट घाला. घरी परतल्यावर आरसा धरून तळवे पाहा. पहाटे दवावर अनवाणी चालण्याचा सल्ला बगिच्यात कुणीतरी देतेच, तोही या मुलींसाठी नाही. तोल सुधारायला भिंतीजवळ एका पायावर १० सेकंद उभे राहणे, दोन्ही पायांनी ५-५ वेळा.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शस्त्रक्रियेच्या हातात काचेच्या बांगड्या दाबून भरून घेऊ नका. हात आवळला जातो, काच लागते. त्या हातात उघडझाप होणारे सैल कडे घाला. त्या हाताला वॅक्सिंगही टाळा.

ओसरी

मी समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. व्यायाम काय करायचा हे वर आलेच. तो सहाव्या आठवड्यातही चालू राहतो की नाही हे सोबतीवर ठरते.

गट १० ते १२ जणींचा. त्याहून मोठा झाला की गप्प बसणारी कोपऱ्यात जाते. त्यात दोघी-दोघींच्या जोड्या लावा. जोड्या आजाराच्या नावावर लावू नका, उपचार संपून किती काळ झाला त्यावर लावा. शेवटच्या केमोनंतर तीनच महिने झालेलीला तीन वर्षे पुढे गेलेली मैत्रीण मिळाली की केस परत येणे, कामावर रुजू होणे, थकव्याचे दिवस हे सगळे तिला एका जिवंत माणसाकडून समजते. जोडीदारणीचे काम एवढेच: न आल्यास त्याच दिवशी फोन, ‘का आली नाहीस’ असे न विचारता ‘आज कशी आहेस’ असे विचारायचे, आणि पुढच्या वेळी घ्यायला जायचे.

व्हॉट्सअॅप गटाच्या नावात कॅन्सर हा शब्द नको. सासरच्या दिवाणखान्यात फोन टेबलावर असतो, पडद्यावर नाव झळकते. कुणाला सांगायचे, केव्हा सांगायचे हा हक्क त्या मुलीचा आहे. फोटो काढायचे नाहीत, काढलेच तर सर्वांच्या संमतीने, आणि गटाबाहेर कधीच नाही. इंदूरच्या मराठी समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. एका फोटोवरून स्थळाची बोलणी फिसकटू शकतात. आजार विचारायचा नाही, ती सांगेल तेवढा ऐकायचा.

गटात औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. ‘मला हे सोसले’ इतपत ठीक, ‘तूही गोळी अर्धी कर’ हे नाही. चमत्कारिक काढ्यांचे संदेश त्याच दिवशी काढून टाकायचे, आणि कुणी पाठवले तिला खासगीत, प्रेमाने सांगायचे. ती बहुधा घाबरलेली असते.

प्रत्येक सत्रानंतर २० मिनिटे बसायचे. कुणी बोललेच पाहिजे असे नाही. व्यायामानंतर जीभ सैल होते, म्हणून ही बैठक आधी ठेवू नका. एखादी वारंवार जगणे नको म्हणू लागली तर गटाने एकट्याने ते पेलू नये: तिच्या जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना कळवा, टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

जुनी_इंदूर

आणि गटातल्या एखादीचा आजार उलटला तर? किंवा ती गेलीच तर? हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही म्हणून विचारते.

ओसरी

आधीच विचारलात हे फार बरे केले. पहिल्या महिन्यातच ठरवून ठेवा की अशी बातमी व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. संचालिका प्रत्येकीला फोन करेल, विशेषतः त्याच आजाराच्या मुलींना आधी. पुढचे सत्र रद्द करू नका, रद्द केले की प्रत्येकजण आपापल्या घरात एकटी घाबरते. त्या दिवशी फक्त संथ चालायचे. आजार उलटलेल्या मैत्रिणीला गटातून गळू देऊ नका: डॉक्टर परवानगी देतील तितके ती खुर्चीवर बसून करील, तेही नाही तर बैठकीला येईल. काही जणी काही आठवडे येणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नका, जोडीदारणीचा फोन मात्र चालू ठेवा.

तपासणीच्या आठवड्यातही असेच. मुंबईला टाटात तपासणीसाठी जाणाऱ्या मुली आधीचे आठ दिवस झोपलेल्या नसतात. त्यांना कमी तीव्रतेचे सत्र द्या.

वॉर्डातली_ताई

मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासावरून आठवले. ओटीपोटावर रेडिएशन झालेल्यांनी किंवा जांघेतल्या गाठी काढलेल्यांनी पाय लटकवून तासन् तास बसू नये. जागे असताना दर तासाला घोट्यातून पाऊल २० वेळा वर-खाली, आणि डब्यात एक फेरी. याच मुलींना मूत्राची घाई असते, म्हणून बगीचा निवडताना शौचालय उघडे आणि स्वच्छ आहे का हे पहाटे जाऊन बघा. बाक जवळजवळ असावेत, वाट सपाट. मेघदूत असो, नेहरू पार्क असो की घराजवळचा छोटा बगीचा, नावापेक्षा हे महत्त्वाचे.

ताटवाटी

आहाराचे थोडक्यात. स्नायू वाढायला प्रथिने लागतात: दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या मुलीला ५० ते ७५. चालून झाल्यावर इंदुरात पोहे होणारच, होऊ द्या. नुसत्या पोह्यांत प्रथिने कमी, म्हणून उसळ पोहे घ्या, वर शेंगदाणे, जोडीला वाटीभर दही. जिलेबी कधीमधी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून.

रेवाकाठ

किती किती आभार. दोन शंका उरल्या. पहिल्या दिवशी नेमके किती करायचे? आणि परीक्षा, आजारपण, लग्नसराई यांत एखादी तीन आठवडे आली नाही तर ती कुठून सुरू करील?

फिजिओ_मालवा

पहिल्या दिवशी माप आणि दोन चाचण्या. ३० मीटरच्या सरळ वाटेच्या टोकांना दोन खुर्च्या ठेवून ६ मिनिटांत किती अंतर चालते ते मोजा. नंतर ४३ सेंटिमीटर उंचीच्या बिनहाताच्या खुर्चीवरून, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकते. आकडे एकमेकींशी ताडून पाहायचे नाहीत, १२ आठवड्यांनी स्वतःच्याच आकड्यांशी.

पुढच्या दिवसापासून ज्यांना थकवा फार आहे त्यांनी १० मिनिटे, बाकीच्यांनी १५ ते २०. दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटांची वाढ. गाठायचे ते आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटांचे मध्यम चालणे आणि २ वेळा वजने. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार एवढ्या व्यायामाने ८ ते १२ आठवड्यांत थकवा आणि चिंता कमी होते. दुसऱ्या दिवशीही अंग गळालेले राहिले तर समजा कालचे जास्त झाले, पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा. पूर्ण झोपून काढू नका, अतिविश्रांतीने हा थकवा वाढतो.

तीन आठवडे चुकले तर चालणे निम्म्या वेळावर आणा आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर न्या. वजने मात्र एका पायरीने नाही, निदान दोन पायऱ्या खाली. सूज असलेली मुलगी असेल तर थेट अर्ध्या किलोवर, आणि बाटली हातात देण्याआधी दोन्ही हातांचे माप पुन्हा घ्या.